मार्लिसबाईंचं अर्धं क्रेडिट

"सुरू केलेलं शिक्षण पुरं न करणारा माणूस आणि मधून कच्चा राहिलेला बटाटा, यांत फरक एवढाच, की बटाटा पुन्हा भट्टीत घालता येतो!"

हे वाक्य मार्लिस एन्गेब्रेटसन यांनी अमेरिकेत, मिनेसोटातल्या लेक हेल्गा गावच्या हायस्कूलच्या कँटीनमध्ये, डोक्यावर जाळीची टोपी आणि हातात डाव अशा अवस्थेत, दरवर्षी एकदा तरी उच्चारलेलं आहे. शाळा सोडायच्या बेतात असलेली कितीतरी पोरं ते ऐकून वर्गात परत गेली, असं गावात सांगतात. काही पोरं ते वाक्य दुसऱ्यांदा ऐकावं लागू नये म्हणूनही गेली असतील. पण गेली.

मार्लिसबाईंचा स्वतःचा बटाटा १९८४ सालापासून कच्चा होता, एवढंच कोणाला ठाऊक नव्हतं.

मागचं फार उगाळत नाही. शेवटच्या वर्षी व्यायामाच्या तासाला मास्तरांनी चौकोनी नाच शिकवायला काढला. चार जोड्या चौकोन करून उभ्या राहतात, एक जण ओरडून सांगतो आणि बाकीचे गरागरा फिरतात, तो नाच. मार्लिसच्या वाट्याला ड्वेन फायफर आला. ड्वेनच्या तळहातांना इतका घाम यायचा, की त्याने हातात दिलेला खडू फळ्यावर उमटत नसे. मार्लिस म्हणाली, "तत्त्वाचा प्रश्न आहे, मी नाचणार नाही." मास्तर म्हणाले, "माझाही तत्त्वाचाच आहे, अर्धं क्रेडिट मिळणार नाही." क्रेडिटांची बेरीज पुरी झाल्याशिवाय हायस्कूलचा डिप्लोमा मिळत नाही. दोन तत्त्वांच्या टकरीत तो अडकला.

पण पदवीदान समारंभात आपल्याकडे सगळ्यांच्या हातात निळं, सोनेरी अक्षरांचं फोल्डर ठेवतात ते रिकामंच असतं. खरा कागद नंतर कचेरीतून न्यायचा असतो. मार्लिसनेही झगा घातला, टोपीचा गोंडा उजवीकडून डावीकडे नेला, फोल्डर घेतलं, आईला रडू दिलं. कचेरीत मात्र गेली नाही. फोल्डर पियानोवर उभं राहिलं आणि पस्तीस वर्षं उभंच होतं. दरम्यान बाई ८४ च्या बॅचच्या स्नेहमेळाव्याच्या अध्यक्षा झाल्या, ग्रंथालय समितीवर गेल्या, चर्चच्या पत्रकातल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनने दुरुस्त करून पाद्रीबाबांना परत पाठवू लागल्या. अर्ध्या क्रेडिटवर माणूस इतका चालू शकतो, हे शिक्षणखात्याने अभ्यासावं असं आहे.

मग यंदाच्या एप्रिलमध्ये कँटीनच्या मुख्य बाई निवृत्त झाल्या.

मार्लिसबाई त्यांच्या हाताखाली वीस वर्षं दुय्यम होत्या. जागा त्यांचीच, असं सगळं गाव धरून चाललं होतं. प्रश्न मानाचा होता, पण मानापेक्षाही गुरुवारचा होता. गुरुवारी शाळेत राजमा-खिम्याच्या तिखट रश्श्याबरोबर दालचिनीचा गोड रोल मिळतो. परगावच्यांना हे विचित्र वाटतं. त्यांनी परगावी राहावं. ते रोल मार्लिसबाई पहाटे स्वतः मळतात. बाहेरचा कोणी आला तर रोल खोक्यातून, बर्फासारखे गोठलेले येणार, हे शेजारच्या तालुक्यात घडलं होतं. तिथली पोरं गुरुवारी मान खाली घालून जेवतात म्हणे.

अर्जाच्या तिसऱ्या रकान्यात छापलं होतं: "हायस्कूल डिप्लोमा किंवा समकक्ष प्रमाणपत्र जोडावे. मुदत मे महिन्याचा शेवटचा शुक्रवार."

मार्लिसबाईंनी रकाना दोनदा वाचला. दुसऱ्यांदा 'समकक्ष' या शब्दावर नजर पडली आणि त्यांना संताप आला.

"समकक्ष!" त्या स्वयंपाकघरात एकट्याच म्हणाल्या. "मार्गारिनच्या डब्यावरही लिहितात, लोण्याच्या समकक्ष. पावाला विचारा म्हणावं!"

"काय गं?" नवरा अर्ने बाहेरून म्हणाला. अर्ने गवत कापायची यंत्रं दुरुस्त करतो आणि दिवसाला साधारण चाळीस शब्द बोलतो.

"काही नाही. पाव."

"हं," अर्ने म्हणाला. सदतीस उरले.

तेव्हा शाळा अर्धवट राहिलेल्यांसाठी असते ती समकक्ष परीक्षा बाद. घ्यायचा तर अस्सल डिप्लोमा घ्यायचा, आणि तो आता घरबसल्या ऑनलाइन मिळतो, असं बाईंनी वाचलं होतं. त्यांनी निवडलेल्या शाळेच्या नावात गरुडही होता आणि शिखरही. खोलीचं दार लावून त्यांनी फोन लावला. पलीकडे ब्रिएल नावाची मार्गदर्शिका होती. तिला प्रत्येक गोष्टीचा आनंद होत असे.

"वा! म्हणजे फक्त अर्धं क्रेडिट? किती छान! तुमच्या जुन्या शाळेकडून गुणपत्रिका तेवढी मागवा हं!"

जुनी शाळा म्हणजे बाई जिथे रोज चारशे ताटं वाढतात तीच. आणि गुणपत्रिका मागायची म्हणजे शाळेची सेक्रेटरी बर्निस हिच्याकडे. बर्निसला एखादी गोष्ट सांगितली की गावच्या वृत्तपत्राला फक्त हवामान छापायचं काम उरतं.

मार्लिसबाई ताठ मानेने कचेरीत गेल्या. "बर्निस, माझी जुनी गुणपत्रिका हवी होती. आपलं... स्नेहमेळाव्यासाठी. आठवणींचा फलक करतोय."

"अय्या!" बर्निस उठलीच. "मग एकटीचीच कशाला? अख्ख्या बॅचच्या काढते! भिंतभर लावू! कोणाला गणितात किती, कोण कशात नापास..."

"नको!" बाई इतक्या मोठ्याने म्हणाल्या, की बाहेर शिक्षेसाठी बसवलेला एक मुलगा उभा राहिला. "म्हणजे... ते जाऊ दे. मलाच हवीये. एकटीला."

"मग हा फॉर्म भर. इथे कारण लिही."

बाईंनी बराच विचार करून लिहिलं: 'खासगी'.

बर्निसने शब्द वाचला. चष्मा काढला. बाईंच्या हातावर हात ठेवला. "मार्लिस," ती हळू आवाजात म्हणाली, "कधी कळलं गं तुला?"

"काय?"

"नको सांगूस. बळ असू दे."

आता, त्रेपन्न वर्षांची बाई जुने कागद गोळा करू लागली आणि कारण विचारल्यावर 'खासगी' म्हणाली, तर आमच्या मिनेसोटात त्याचा एकच अर्थ होतो. संध्याकाळी पाचला दारात पहिली हॉटडिश आली.

हॉटडिश म्हणजे काचेच्या भांड्यात खिमा, वर डबाबंद मशरूम सूप, आणि त्यावर बटाट्याच्या छोट्या गोळ्यांची फरसबंदी. घरात जन्म, मरण किंवा आजार असल्याशिवाय ती शेजाऱ्यांकडून येत नाही. मूल होण्याचं बाईंचं वय उलटलं होतं आणि मेलेलं तर कोणी दिसत नव्हतं.

"अगं, कशाला एवढा त्रास!" बाई पहिल्यांदा म्हणाल्या. "नको, खरंच नको," दुसऱ्यांदा म्हणाल्या. तिसऱ्यांदा घेतली. तिसऱ्यांदाही न घेणारा माणूस आमच्याकडे उद्धट समजला जातो आणि पहिल्यांदा घेणारा परदेशी.

दुसऱ्या दिवशी तीन आल्या. रविवारपर्यंत नऊ झाल्या. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव आणि प्रत्येकीबरोबर सल्ला. कोणी म्हणे साखर सोड, कोणी म्हणे मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरला दाखव, कोणी म्हणे माझ्या चुलतसासूला अगदी हेच झालं होतं. 'हेच' म्हणजे काय, हे विचारायची चोरी. नाही म्हणावं तर मग गुणपत्रिका कशाला हवी होती ते सांगायला हवं. रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबांनी आजाऱ्यांच्या प्रार्थनेत नाव घेतलं. बाईंच्या नावाचं स्पेलिंग पत्रकात चुकलं होतं, पण लाल पेन काढायची ती वेळ नव्हती.

अर्ने रोज एक हॉटडिश संपवत होता. कधी नव्हे इतका तो सुखी दिसत होता. "वाईट नाही," असं तो चौथ्या दिवशी म्हणाला. यापलीकडे स्तुती आमच्या भाषेत नाही.

इकडे बर्निसने डोळे पुसत, न वाचताच पाकिटात घालून दिलेली गुणपत्रिका पोहोचली आणि ब्रिएलचा आनंद गगनात मावेना.

"छानच! फक्त आमचा नियम असा, की आमचा डिप्लोमा हवा तर निदान सहा विषय आमच्याकडे करायचे! तुम्हाला पहिला देते, 'आहार व पोषण'. तुमचा तर हातखंडा असणार!"

मार्लिसबाईंनी संगणकावरची पहिली चाचणी दिली. प्रश्न होता: 'शालेय भोजनात समतोल ताट कोणते?' बाईंनी एकतीस वर्षांच्या अनुभवाने तिखट रस्सा आणि दालचिनी रोल असलेलं ताट निवडलं. संगणकाने लाल फुली मारली आणि खाली लिहिलं, 'पुन्हा प्रयत्न करा! शाळेत चांगले जेवण मिळत नसल्यास मोठ्यांशी बोला.'

बाई दहा मिनिटं भिंतीकडे बघत होत्या. चारशे पोरांना एकतीस वर्षं जेवू घातलेल्या बाईला जेवणात नापास केलं होतं. त्या भिंतीला काही बोलल्या असतील, तर ते इथे छापण्यासारखं नाही.

"आणि व्यायामाच्या अर्ध्या क्रेडिटसाठी," दुसऱ्या दिवशी ब्रिएल फोनवर म्हणाली, "साठ तासांच्या हालचालीची नोंदवही, घराबाहेरच्या साक्षीदाराच्या सहीने! आणि जोडीदाराबरोबर तालबद्ध हालचालीचा एक व्हिडिओ!"

"तालबद्ध हालचाल म्हणजे?"

"नाच हो! कुठलाही! चौकोनी नाचसुद्धा चालतो!"

बाईंनी फोन ठेवला. पस्तीस वर्षं दबा धरून बसलेल्या व्यायामाच्या मास्तरांनी आपल्याला गाठलं, असं त्यांना वाटलं. मुदतीला चार आठवडे उरले होते. विषय सहा, तास साठ, नाच एक.

अशा वेळी दाराची घंटा वाजली. दारात दहावी हॉटडिश होती आणि ती धरून ड्वेन फायफर उभा होता.

ड्वेन आता शेजारीच राहतो. शाळेची पिवळी बस चालवतो. बायको जाऊन सहा वर्षं झाली. त्यामुळे हॉटडिश त्याने स्वतः केली होती आणि गोळ्यांची फरसबंदी एका बाजूने खचली होती. भांडं धरलेल्या जागी हातांचे दोन ओले ठसे होते.

"मार्लिस, बर्निस म्हणाली... म्हणजे, मला फार बोलता येत नाही. पण बसमधली पोरं विचारतात, गुरुवारी रोल मिळणार ना."

त्या वाक्याने बाईंचा बांध फुटला. नको-नको तीनदा म्हणायचंही राहिलं. भांडं ओढून घेतलं, ड्वेनला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर दाबून बसवलं आणि म्हणाल्या, "मला काही झालेलं नाही! मला हायस्कूल झालेलं नाही! आणि ते तुझ्या हातांमुळे!"

आणि सगळं सांगितलं. नाच, फोल्डर, ब्रिएल, लाल फुली. ड्वेन ऐकत होता. संपल्यावर त्याने तळहात पँटला पुसले.

"तू नाचली नाहीस त्या दिवशी," तो म्हणाला, "तर मी कोणाबरोबर नाचणार होतो?"

"म्हणजे?"

"म्हणजे माझंही अर्धं क्रेडिट गेलं की."

मार्लिसबाई समोरच्या खुर्चीवर बसल्या.

"तू मला कधी बोलला नाहीस!"

"तू विचारलं नाहीस. मी शहाऐंशी साली ती समकक्ष परीक्षा दिली. चार पेपर. कॉलेजात, चाळीस मैलांवर. ते प्रमाणपत्र दाखवून बसचं काम मिळालं. आजवर पुन्हा कोणी विचारलं नाही. तूच मला गेल्या मेळाव्यात खजिनदार केलंस."

"पण ड्वेन, ते समकक्ष! अस्सल नव्हे!"

ड्वेनने थोडा विचार केला. विचार करताना तो छताकडे बघतो. बस चालवतानाही बघतो असं पोरं सांगतात.

"मार्लिस, तुझ्या गुरुवारच्या रोलमध्ये लोणी असतं?"

मार्लिसबाई लाल झाल्या. हे गाव झोपेतही ज्याची शपथ घेतं त्या रोलमध्ये शहाण्णव सालापासून लोणी नव्हतं. शाळेची कचेरी तेव्हापासून मार्गारिनच पाठवत होती. बाईंनी हे गुपित बाळगलं होतं. त्यांची गुपितं एकंदरीत दोन होती आणि आता दोन्ही एकाच टेबलावर आली.

"मार्गारिन," त्या पुटपुटल्या.

"पोरांनी कधी तक्रार केली?"

"...बोटं चाटतात."

"मग," ड्वेन म्हणाला आणि उठला. दारात थांबून आमच्या रीतीप्रमाणे हवामानावर आणखी वीस मिनिटं बोलला, पण मुद्दा संपला होता.

त्या संध्याकाळी बाईंनी ब्रिएलला नकार कळवला. ब्रिएलला त्याचाही आनंद झाला.

पुढचे दोन शनिवार बाई 'तपासणीला' चाळीस मैल जाऊन आल्या. अर्नेने दोन्ही वेळा डबा भरून दिला.

"काय करतात तिथे?" त्याने विचारलं.

"प्रश्न विचारतात."

"हं. दुखतं?"

"गणिताला थोडं," बाई बोलून गेल्या आणि गाडीत जाऊन बसल्या.

खरं तर गणिताचीच त्यांना धास्ती होती. समीकरणं बघून डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण मग अकरावा प्रश्न आला: 'चोवीस माणसांच्या पावाला इतके पीठ, इतके दूध, इतके यीस्ट लागते, तर तीनशे नव्वद माणसांना किती?' बाईंनी कॅल्क्युलेटरला हातही लावला नाही. उत्तर त्यांच्या मनगटात होतं. उलट त्यांनी हात वर केला.

"काय झालं?" पर्यवेक्षक धावत आला.

"यात मीठ नाही."

"बाई, कृती दुरुस्त करायची नाहीये. फक्त उत्तर द्यायचंय."

"मिठाशिवाय तीनशे नव्वद माणसं जेवणार नाहीत."

"बाई, ही माणसं खरी नाहीत."

"तरीसुद्धा," मार्लिसबाई म्हणाल्या आणि नाइलाजाने बरोबर उत्तरावर खूण केली.

चारही पेपर सुटले. प्रमाणपत्र टपालाने आलं त्या दिवशी ड्वेन अंगणात कचऱ्याचा डबा ओढत होता. बाईंनी कागद त्याच्यापुढे फडकवला. ड्वेनने वाचला, डबा सोडला, तळहात पँटला पुसले, पुन्हा पुसले आणि पुढे केले. मार्लिसबाईंनी एकदा रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे बघून घेतलं. मग हात धरले. कोणी ओरडून सांगणारा नव्हता आणि दोनच माणसांचा चौकोन होत नाही, पण त्या कचऱ्याच्या डब्याभोवती दोघं तीन वेळा गरागरा फिरली.

"अजून ओलेच आहेत रे," बाई धापा टाकत म्हणाल्या.

"तूही काही हलकी झाली नाहीस," ड्वेन म्हणाला.

राहता राहिली ती दहा भांडी. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, एवढं शिक्षण मार्लिसबाईंना क्रेडिटाशिवायच मिळालेलं होतं. त्यांनी पहाटे रोल केले, प्रत्येक भांड्यात सहा ठेवले, आणि दारोदार जाऊन तेच वाक्य दहा वेळा उच्चारलं: "मी आजारी नव्हते. हायस्कूल नापास होते. आता पास आहे. आणि हे मार्गारिन आहे."

गावाने रोल चावला. गाव म्हणालं, "वाईट नाही."

फक्त बर्निस खट्टू झाली. "अगं, मी तुझं नाव प्रार्थनेत घालायला लावलं होतं," ती म्हणाली. "आता ते काढायचं कसं? बरी झाल्याशिवाय काढता येत नाही, आणि तुला काही झालेलंच नाही!"

"गणित लिही," बाई म्हणाल्या. "गणितातून उठले."

शुक्रवारी बाईंनी अर्ज दिला. कचेरीतल्या माणसापुढे म्हणायला त्यांनी पाच मिनिटांचं भाषण तयार केलं होतं. त्याने प्रमाणपत्राकडे न बघता 'किंवा समकक्ष' यापुढच्या चौकोनात बरोबरची खूण केली आणि म्हणाला, "गुरुवारी रोल आहेत ना?" जूनच्या पहिल्या आठवड्यात नेमणुकीचं पत्र आलं.

त्या संध्याकाळी मार्लिसबाईंनी चांगला झगा घातला. अर्नेला कामाचे कपडे बदलायला लावले, ड्वेनला बोलावलं, कॉफी ठेवली. प्रमाणपत्र दोन्ही हातांत धरून त्या पियानोपुढे उभ्या राहिल्या.

"अर्ने," त्या म्हणाल्या, "लग्नाला एकतीस वर्षं झाली. या फोल्डरविषयी मी तुला कधी खरं सांगितलं नाही. ते पहिल्या दिवसापासून रिकामं आहे. आज ते भरणार आहे."

त्यांनी फोल्डर उचललं. पस्तीस वर्षांनी पहिल्यांदा उघडलं.

ते भरलेलं होतं.

डाव्या बाजूला गवत कापायच्या लाल यंत्राचं गॅरंटी कार्ड होतं, एक्क्याण्णव सालचं. उजव्या खाचेत त्याच यंत्राची माहितीपुस्तिका, पात्याच्या पानावर तेलकट अंगठ्याची खूण. मागे दोन सुटे स्क्रू, कागदात नीट गुंडाळलेले.

मार्लिसबाई हळूच वळल्या. "म्हणजे तुला... एक्क्याण्णवपासून..."

"हं," अर्ने म्हणाला.

"आणि मी चाळीस मैल तपासणीला जात होते तेव्हा?"

"डबा दिला ना."

"मग बोलला का नाहीस कधी?"

अर्नेने कॉफीचा घोट घेतला. त्याचे त्या दिवसाचे बरेच शब्द शिल्लक होते, पण तो काही उधळ्या माणूस नव्हे.

"रिकामं होतं," तो म्हणाला. "मापाला बरोबर होतं."

ड्वेन छताकडे बघू लागला. मार्लिसबाईंचे डोळे भरून आले. हसू की रडू, हे त्यांचं त्यांनाच ठरवता येईना. त्यांनी कार्ड, पुस्तिका आणि स्क्रू एकेक करून काढले, पियानोवर ठेवले आणि त्या जागी प्रमाणपत्र सरकवलं. ते अगदी नेमकं बसलं.

"अर्ने," त्या नाक पुसत म्हणाल्या, "तुला काही म्हणायचंय?"

अर्नेने घसा साफ केला.

"तुझ्या बर्निसकडे," तो म्हणाला, "आणखी एखादं रिकामं असेल तर बघ ना."